दोन टक्क्यांचा खडक

आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँड संपतो तिथं, एक जुनी विहीर आहे. वीस फूट व्यास, घडीव दगडाचं बांधकाम, आणि एका बाजूला मोटेचं थारोळं अजून शाबूत. महाविद्यालय उभं राहण्याआधी ती कुणाच्या तरी मळ्यातली होती. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सात वाजता मी आणि दुसऱ्या वर्षाची पाच-सहा पोरं तिथं जमतो. पोलादी टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू घासायचा, टेप आत सोडायची, टोक बुडालं असं वाटलं की कठड्याशी कुठला आकडा आला तो बघायचा आणि टेप वर ओढायची. ओला खडू गडद दिसतो. कठड्याच्या आकड्यातून ओला भाग वजा केला की पाण्याची खोली. वहीत लिहायचं: तारीख, वेळ, खोली, काल मोटर किती तास चालली. पाच मिनिटांचं काम.

सातलाच का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. कारण आठला आमचे शिपाईमामा मोटर चालू करतात. रात्रभरात विहिरीनं जेवढं पाणी पुन्हा आत घेतलेलं असतं, ते सकाळी दिसतं. मोटर चालू असताना मोजलं तर तो आकडा विहिरीचा नसतो, मोटरचा असतो.

वहीला बारा वर्षं झाली. ती सुरू झाली एका तोंडी परीक्षेमुळे. समोर पारनेरकडचा एक पोरगा होता. भूजलाचा पेपर. वाळू-खडकातून पाणी किती वेगानं झिरपतं ते सांगणारा दार्सीचा नियम त्यानं घडाघडा म्हणून दाखवला, सूत्र लिहिलं, एककं बरोबर. मला उगाच विचारावंसं वाटलं, म्हणून विचारलं, "तुमच्या घरच्या विहिरीला आत्ता पाणी किती?" तो जरा हसला. "विहिरीचं काय घेऊन बसलात सर, तीन बोअर झाल्यात, चौथी घ्यायचीय."

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तोवर मी दहा वर्षं भूजल शिकवत होतो आणि मलाही आमच्या मागच्या विहिरीचं पाणी किती खोल आहे हे माहीत नव्हतं.

आता मुद्द्याचं. पाऊस पडतो, गणपतीत विहिरी तुडुंब दिसतात, आणि संक्रांतीला त्याच विहिरींचा तळ का दिसतो? लोक म्हणतात पाऊस कमी झाला, झाडं गेली, बोअर वाढल्या. तिन्हीत तथ्य आहे. पण त्याच्याआधी खडक समजून घ्यावा लागतो.

महाराष्ट्राच्या जवळपास चार-पंचमांश भागाखाली एकच खडक आहे. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्याच्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. एसटीतून घाट चढताना डोंगराला ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या हेच थर.

वर्गात मी भाकरीचं उदाहरण देतो. भाकरी फुगली की वर पापुद्रा सुटतो आणि खाली जाड, घट्ट भाग राहतो. लाव्हाच्या थराचं तसंच झालं. थिजताना आतले वायू वर चढले, बुडबुडे वरच्या भागात अडकले, तो भाग सच्छिद्र झाला. खालचा भाग सावकाश निवला आणि कातळ होऊन बसला. आता अशा भाकरींची चवड दुरडीत रचली अशी कल्पना करा. ती चवड म्हणजे आपल्या पायाखालची जमीन. बऱ्याच बुडबुड्यांत मागाहून पांढरी खनिजं भरली. त्या ठिपकेदार खडकाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि मांजऱ्या लागला की त्यांचा चेहरा जरा खुलतो, कारण तो फुटायलाही सोपा आणि पाणीही त्यातच लागायची शक्यता जास्त. दोन भाकरींच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या चिकणमातीचा, भाजल्यासारखा दिसणारा पातळ थर असतो. तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

मग पाणी असतं कुठं? आपल्या मनात जमिनीखालच्या पाण्याची दोन चित्रं पक्की बसलीत. एक तळ्याचं: खाली कुठंतरी मोठं तळं आहे, खोल गेलं की लागणारच. दुसरं धारेचं: पाणाड्या हातात उंबराची दुबेळकी डहाळी धरून चालतो आणि सांगतो, इथून धार जाते. आमच्या खडकात दोन्ही चित्रं फसवी आहेत. पाणी असतं ते वरच्या दहा-पंधरा मीटरच्या मुरमात. मुरूम म्हणजे ऊन-पावसानं कुजून भुसभुशीत झालेला कातळच. त्याच्या खाली पापुद्र्यांत आणि भेगांत थोडंफार. मधल्या जाड भागात, भेग नसेल तिथं, जवळपास काहीच नाही.

किती थोडं, ह्याला आकडा आहे. खडकातून झिरपून विहिरीत मोकळं होऊ शकतं अशा पाण्याचं प्रमाण देशभरच्या भूजल मूल्यमापनात कुजलेल्या आणि सच्छिद्र बेसाल्टसाठी १ ते ३ टक्के धरतात. मधला आकडा २. म्हणजे शंभर बादल्या भरतील एवढा खडक घेतला, तर त्यातून हाती येणारं पाणी दोन बादल्या. नदीकाठच्या वाळूच्या गाळाला हाच आकडा १२ ते २० पर्यंत जातो. उत्तरेकडच्या मैदानातला शेतकरी आणि आमच्याकडचा शेतकरी, दोघेही 'जमिनीतलं पाणी' असंच म्हणतात, पण एकाची कणगी आहे आणि दुसऱ्याचा फडताळातला डबा.

दार्सीचं सूत्रही तिकडचंच, वाळूतलं. दिजाँ ह्या फ्रेंच शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या आँरी दार्सी ह्या अभियंत्यानं वाळू भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून बघितलं आणि १८५६ साली ते प्रसिद्ध केलं. सूत्र चोख आहे, शिकवलंच पाहिजे. फक्त पोरांना कुणी सांगत नाही की आमच्या कातळात एका भेगेतून पाणी पळत असतं आणि तिथून चार हात बाजूला थेंब नसतो.

आता वहीच्या शेवटच्या पानावरचं गणित. हे मी दरवर्षी नव्या तुकडीकडून करून घेतो, तोंडी, विहिरीच्या कठड्यावर बसून.

आमच्या भागात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एका हेक्टरवर ५०० मिलिमीटर म्हणजे ५० लाख लिटर. त्यातलं बरंचसं उडून जातं, बरंच मातीत राहून पिकं पितात, काही ओढ्यानं वाहून जातं. विहिरीपर्यंत मुरतं ते साधारण दहावा हिस्सा धरू: ५० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ५ लाख लिटर. ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच. रिकाम्या घमेल्यात दोन इंच पाणी ओतलं तर दोन इंचच चढेल. खडकात ओतलं तर? शंभरातले दोनच भाग मोकळे, तेव्हा पन्नासला पन्नासनं गुणायचं. अडीच हजार मिलिमीटर. अडीच मीटर.

इथं पोरं थबकतात. दोन इंच पाण्यानं विहीर आठ फूट वर येते? येते. म्हणूनच भाद्रपदात गावाकडे गेलं की विहिरी काठोकाठ दिसतात आणि यंदा काळजी नाही असं वाटायला लागतं. पण जी विहीर दोन इंचांनी आठ फूट चढते, ती दोन इंचांनीच आठ फूट उतरते. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला वीस-पंचवीस हजार लिटर पाणी काढते. वीस फुटी विहिरीत एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे एकोणतीस हजार लिटर. सव्वा-दीड तासात मीटरभर पाणी गेलं. नवीन पाणी आजूबाजूच्या मुरमातून येणार, पण ते आपल्या चालीनं येणार, मोटरच्या नाही.

शेतकऱ्याला हे माहीत असतं. तो 'माझ्या विहिरीत अमुक लिटर पाणी आहे' असं कधी म्हणत नाही. म्हणतो, "विहीर दोन तास चालते." उन्हाळ्यात, "अर्धा तास चालते, मग सहा तास थांबावं लागतं." हीच आमची पंपिंग टेस्ट, म्हणजे उपशानं विहीर किती उतरते आणि किती वेळात पुन्हा भरते ते बघणं. ती करायला आम्ही एम.एस्सी.च्या पोरांना घड्याळं, टेप आणि लॉग पेपर घेऊन दिवसभर उन्हात बसवतो. मी आता आधी मालकाला विचारतो, मग पोरांना बसवतो. बहुतेक वेळा मालकाचा अंदाज आमच्या आलेखाच्या जवळ येतो. (एकदा आमचाच आलेख चुकला होता. घड्याळ बंद पडलेलं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.)

आता त्या चार बोअर. पोरगा पुढे माझ्याकडेच एम.एस्सी.ला आला, त्यामुळे ती जागा मी जाऊन बघितली. पहिली दोनशे फुटांवर, तिला दोन इंच पाणी लागलं (बोअरवाले पाण्याची धार इंचांत सांगतात, हे पावसाचे इंच नव्हेत) आणि दोन वर्षं चाललं. दुसरी साडेतीनशेवर, एक उन्हाळा. तिसरी पूर्ण कोरडी. चौथी सहाशे फूट. बोअरच्या गाड्या आपल्याकडे येतात त्यातल्या कितीतरी तमिळनाडूच्या तिरुचेंगोडच्या असतात. गाडी रात्री दहाला आली, पहाटेपर्यंत धडधडत होती. पाणी लागलं नाही की चिखल निघत नाही, भुकटी उडते. मी सकाळी पोचलो तेव्हा बांधावरचा कडुनिंब, गोठ्याचे पत्रे, दोरीवर राहिलेलं धोतर, सगळं करड्या पिठानं माखलं होतं. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, म्हशीच्या पाठीवरची भुकटी पिशवीनं झटकत होते. मी काय बोलणार. चहा घेतला.

खोल गेलं की पाणी का लागत नाही, हे चवडीवरूनच कळतं. खालच्या भाकरींतही पापुद्रे असतात, पण वरच्या ओझ्यानं भेगा मिटत जातात आणि पावसाचं पाणी तिथवर पोचायला फार वेळ घेतं, काही ठिकाणी पोचतच नाही. खाली पाणी लागलं तर ते बहुधा जुनं, साठून राहिलेलं. दोन वर्षं दोन इंच मिळालं ते तेच. संपलं की संपलं.

आणखी एक गोष्ट होते, जी मला सगळ्यात वाईट वाटते. बोअरला लोखंडी किंवा पीव्हीसीची केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, घालतात ती बहुतेक वेळा वरच्या मऊ भागापुरती, वीस-तीस फूट. त्याच्या खाली उघडं भोक. ते भोक सगळ्या थरांना आरपार जोडतं. खालचे थर रिकामे असले की वरच्या पापुद्र्यांतलं पाणी त्या भोकातून खाली उतरतं. शेजारच्यानं बोअर घेतली, त्यालाही पाणी लागलं नाही, आणि तरी आपली विहीर खाली गेली, असं लोक सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला तो मत्सर वाटतो. पण तसं खरंच घडू शकतं. रांजणाच्या बुडाला भोक पाडून खालच्या रिकाम्या रांजणात पाणी सोडल्यासारखं.

ह्याच्यावर कायदा आहे का? आहे. जमीन ज्याची, खालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा, ही समजूत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आली. त्याला वळण द्यायला महाराष्ट्रानं २००९ चा भूजल कायदा केला आणि तो २०१४ च्या जूनमध्ये लागू झाला. ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर म्हणजे 'खोल विहीर', आणि शेतीसाठी-उद्योगासाठी ती घ्यायला कायद्याचा नकार आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. अण्णांची चौथी बोअर त्याच्या तिप्पट खोल होती आणि गाडीवाल्यानं फक्त एवढंच विचारलं होतं की पैसे रोख देणार ना. मी कायदा वर्गात शिकवतो तेव्हा मागच्या बाकावरून हसू येतं. मी दामटत नाही.

आमच्याकडे, म्हणजे विद्यापीठाच्या जगात, सध्या सगळं मोजलं जातं. किती शोधनिबंध, किती परिसंवाद, किती श्रेयांक, किती तास. मागं एकदा मूल्यांकन समिती येणार होती. पंधरा दिवस आधी मुख्य इमारतीसमोर हिरवळीच्या लाद्या आणून अंथरल्या. मार्च महिना, विहीर अर्धा तास चालत होती, म्हणून टँकर लावला. त्याच आठवड्यात गच्चीवरून एक निळा पाइप खाली आणून 'पर्जन्यजल पुनर्भरण' अशी पाटी लावली. पाइप कुठं जातो हे बघायला मी पोरांना घेऊन गेलो. तो कोपऱ्यापर्यंत जातो. समिती आली, पाटीचा फोटो निघाला, श्रेणी चांगली मिळाली. मीही त्या दिवशी कोट घालून उभा होतो, तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही.

जलव्यवस्थापनावरचे परिसंवाद मी मोजायचं सोडलंय. रोपट्याला पाणी घालून उद्घाटन, मंचावर प्रत्येकापुढे प्लॅस्टिकची बाटली, निम्म्या भरलेल्या बाटल्या दुपारी कचऱ्यात. पण खरी अडचण बाटल्यांची नाही. खडक भूगर्भशास्त्रात, पाऊस भूगोलात, कांद्याचा भाव अर्थशास्त्रात, हक्क कायद्यात, पाण्याचा खारेपणा रसायनशास्त्रात, आणि डोक्यावरून हंडा आणणारी बाई फार तर समाजशास्त्रात. विहीर एकच. तिचे सहा तुकडे सहा मजल्यांवर शिकवले जातात आणि पोरगं रविवारी घरी जातं तेव्हा त्याच्या पुढ्यात अख्खी विहीर असते.

पाणी आणि शिक्षण ह्यांचा संबंध किती थेट असतो हे २०१६ मध्ये सगळ्या देशानं बघितलं. लातूर हे शिकणाऱ्या पोरांचं शहर, दहावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी मराठवाडाभरातून मुलं तिथं येऊन राहतात. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी करायला बंदी घालावी लागली, १४४ कलम. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. पाच लाख लिटर हा आकडा पुन्हा बघा. वरच्या गणितात एक हेक्टर जमीन पावसाळ्यात गुपचूप मुरवते तेवढंच पाणी ते.

आमच्याकडे एवढी बातमी होत नाही. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफीचा अर्ज येतो, पोरं रांगेत उभी राहतात. मुलींच्या वसतिगृहात मार्चपासून पहाटे चारला बादल्यांचा आवाज सुरू होतो, आणि परीक्षा नेमक्या तेव्हाच. पहिल्या तासाला डोळे मिटणाऱ्या मुलीला मी पूर्वी उभं करायचो. आता नाही करत.

सरकार मोजत नाही असं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्यभर निरीक्षण विहिरी ठेवून आहे. वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, त्यांतलं पाणी मोजतात. ऑक्टोबरचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पुढच्या उन्हाळ्यात टंचाई कुठं येणार ह्याचा अंदाज काढतात. चांगलं, चिकाटीचं काम आहे. पण एका पाणलोटात मोजक्याच विहिरी, आणि आपला खडक असा की बांध ओलांडला की गोष्ट बदलते. अण्णांच्या विहिरीत काय चाललंय हे अण्णांनीच मोजायला हवं.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्यांच्या हलाखीवर लिहिताना एक सूचना केली होती: सरकारनं पाणाड्यांकडून सगळ्या शेतांची पाहणी करवून घ्यावी, दोन मोटांच्या वर चालतील असे झरे जिथं असतील त्या जागा गावच्या नकाशात नोंदवाव्यात. पाणाड्याचं सोडून द्या, तेव्हा दुसरं कोण होतं. मला नवल वाटतं ते मापाचं. 'दोन मोटा' हे शेतकऱ्याचं माप आहे, आणि नोंद गावाच्या नकाशात, म्हणजे गावाला दिसेल अशी.

मोजलं की पुढचा प्रश्न अटळ असतो: मग कोणी किती घ्यायचं? ह्यावर आपल्याकडे गंभीरपणे विचार केलेली माणसं आहेत. ७२ चा दुष्काळ बघून विलासराव साळुंखे ह्या पुण्यातल्या अभियंता-उद्योजकानं पुरंदर तालुक्यात नायगावला काम सुरू केलं, त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम साधा आणि धारदार होता. पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. हिवरे बाजार गावात सरपंच पोपटराव पवारांच्या काळात पाऊस मापून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून रब्बीला काय घ्यायचं ते ठरवायची पद्धत पडली, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला गावानंच मनाई केली.

ऊस नाही, हे ऐकून आमच्या वर्गात दरवर्षी वाद पेटतो. निम्म्या पोरांच्या घरी ऊस असतो, आणि हमखास विकलं जाणारं दुसरं पीक कोणतं, हा त्यांचा सवाल रास्त आहे. मी भांडत नाही, पुन्हा कठड्यावर नेतो. पाटानं पाणी दिलं तर उसाला वर्षभरात २००० मिलिमीटर लागतं असं धरा. पावसाचा वाटा ४०० वजा करा. राहिले १६००. विहिरींना मुरतं ते ५०. भागाकार करा. बत्तीस. म्हणजे विहिरीवर एक हेक्टर ऊस पोसायचा तर बत्तीस हेक्टरांवर, ऐंशी एकरांवर मुरलेलं पाणी लागतं. ठिबकनं तिसरा हिस्सा वाचला तरी पंचेचाळीस-पन्नास एकर. पाटाचं थोडं पाणी परत मुरतं, ते मी इथं सोडून दिलंय, पण त्यानं चित्र पालटत नाही. एका मुलीनं मागं विचारलं होतं, "सर, मग बाकीच्या एकोणऐंशी एकरांचे मालक कुठं जातात?" हेक्टर-एकराची गफलत होती तिची. प्रश्न बरोबर होता.

शेततळ्याचंही तसंच. मुळात ते वाहून जाणारं पाणी अडवायला. प्रत्यक्षात कितीतरी शेततळी प्लॅस्टिक अंथरून, विहिरी आणि बोअर उपसून भरली जातात. दिवाळीत जमिनीखाली, सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं. आमच्याकडे डिसेंबर ते मे उघड्यावरचं मीटरभर पाणी तरी उडून जातं. तरी माणूस असं का करतो? कारण खाली ठेवलं तर शेजारी उपसतो. तळ्याला कुंपण घालता येतं, मुरमाला नाही. ह्यात अडाणीपणा शोधणाऱ्या शहरी माणसाला मी एवढंच सांगतो की तो हिशोब एकट्यापुरता अगदी पक्का आहे, गावाचा मिळून चुकतो.

पारनेरकडचा तो पोरगा पुढे तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता. दोन महाविद्यालयांत, मोटरसायकलवर, पगार वर्षाअखेरीस. मग कंटाळून घरी गेला. मला वाईट वाटलं होतं, इतका चांगला शिक्षक हातचा गेला म्हणून. जाताना त्यानं माझ्याकडून जुनी टेप मागून नेली, तिचा सुरुवातीचा सेंटिमीटर तुटलाय, पण टेपवरच्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत त्यानं फरक पडत नाही हे त्याला ठाऊक आहे. तिथं त्यानं चार बोअरपैकी एकीत ओढ्याचं गढूळ पाणी सोडायचा प्रयोग केला, गाळानं तोंड बुजलं, मग खडी-वाळूचा गाळण खड्डा करून पुन्हा केला. जुनी विहीर उपसून साफ केली. आणि वही सुरू केली. आधी स्वतःच्या विहिरीची, आता ओढ्याकाठच्या सात विहिरींची. दोन मालक आपसांत बोलत नाहीत, पण आकडा दोघेही देतात.

दर एक तारखेला त्याचा फोटो येतो: ओली टेप, खडूची रेघ, पाठीमागे कुणाची तरी चप्पल. ऑक्टोबरच्या फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, "सर, मागच्या ऑक्टोबरपेक्षा दीड मीटर खाली. अण्णा म्हणतात कांदा अर्धाच लावू, बाकी ज्वारी. खालच्या वस्तीवरचे तात्या विचारत होते त्यांचा किती आला."